काल्पनिक पात्रांचे रेखाटन आणि त्यांच्या अंगावरचे वण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकथा आणि मुखपृष्ठांसाठी पात्रे काढणाऱ्यांकडून, विशेषतः नव्याने हात बसवू पाहणाऱ्यांकडून, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न वणांविषयी असतात, म्हणून त्यांना जागाही अधिक दिली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मी चित्रकला शिकलेलो नाही. मनातले पात्र कागदावर आणायला सुरुवात कुठून करू?

चेहऱ्यापासून करू नका. बहुतेक जण आधी डोळे काढतात, पापण्यांचा केस न् केस रेखतात आणि मग त्या डोळ्यांना शोभेल असे शरीर सापडत नाही म्हणून कागद चुरगाळतात. त्याऐवजी अंगठ्याएवढ्या आकाराच्या, आतून काळ्या भरलेल्या आठ-दहा आकृती काढाव्यात आणि हातभर अंतरावरून जी चटकन ओळखू येईल ती निवडावी. एचबी किंवा 2बी पेन्सिल आणि साधा कार्ट्रिज कागद एवढे साहित्य पुरते. रेखाटनापूर्वी पात्राचे वय, धंदा, उजवा हात चालतो की डावा, आणि आजवर झालेली सर्वांत मोठी दुखापत या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी ज्यांनी स्मरणचित्रे काढली असतील, त्यांनी तोच सराव पुन्हा सुरू करावा. एसटी स्थानकावर पाहिलेली माणसे घरी येऊन आठवणीने काढण्यासारखी दुसरी तालीम नाही.

2. शरीराची आणि चेहऱ्याची प्रमाणे काय धरावीत?

प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, वीरपुरुषाची आठ आणि वर्षभराच्या मुलाची सुमारे चार डोकी धरतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते वर सरकवतात आणि त्यामुळे कपाळ व टाळू नाहीशी होते. समोरून पाहिलेल्या चेहऱ्याची रुंदी ढोबळमानाने पाच डोळ्यांएवढी असते. ही प्रमाणे मोडण्यास हरकत नाही, परंतु एका पात्रासाठी जी मोडतोड ठरवाल ती शेवटपर्यंत पाळावी लागेल.

3. प्रत्येक चौकटीत माझे पात्र वेगळेच दिसते आणि वण कधी डाव्या, तर कधी उजव्या गालावर जातो. काय करावे?

पात्राचे नमुनापत्रक करावे. एकाच कागदावर समोरून, बाजूने, तिरके आणि पाठमोरे अशी चार रेखाटने शेजारी शेजारी काढून त्यांतून डोळ्यांची, नाकाच्या टोकाची व हनुवटीची रेषा आडवी ओढून घ्यावी. वणाची जागा शब्दांत लिहावी, आणि तीही "चित्रात डावीकडे" अशी नव्हे, तर "पात्राच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली बोटभर अंतरावर सुरू होऊन नाकपुडीच्या पातळीवर संपतो" अशी. संगणकावर काम करणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण चुका शोधण्यासाठी चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे करून पाहण्याची सवय चांगली असली, तरी ते पुन्हा सुलटे करण्याचे राहून जाते. तशी चूक छापून गेलीच असेल, तर प्रश्न 18 पाहा.

4. व्रण, वण, डाग, खोक हे सगळे एकच का?

बोलण्यात सरमिसळ होते, पण काढताना फरक ठेवावा. खोक म्हणजे ताजी, फाटलेली जखम. खपली म्हणजे तिच्यावर धरलेले वाळलेले आवरण. आणि जखम पूर्ण भरून आल्यावर कायमची उरते ती खूण म्हणजे वण. "व्रण" हा शब्द आज वणासाठी सर्रास वापरला जातो. मात्र संस्कृतात आणि वैद्यकात त्याचा अर्थ जखम असाही आहे, म्हणून येथे सरळ "वण" म्हटले आहे. डाग हा केवळ रंगातला बदल असतो, त्याला उंची किंवा खोली नसते. गोंदण यांपैकी कशातच मोडत नाही, कारण ते हौसेने किंवा रीतीने करून घेतलेले असते.

5. वण नेमका कुठे काढावा म्हणजे खरा वाटेल?

वण कुठे शोभेल हा विचार बाजूला ठेवून तो कशाने झाला ते आधी ठरवावे. मग जागा आपोआप ठरते. पडण्या-आपटण्याचे वण हाडाच्या उंचवट्यांवर येतात: भुवई, गालफड, हनुवटी, गुडघा, कोपर. ऊसतोड करणाऱ्या पात्राच्या उजव्या हातात कोयता असेल, तर वण उसाचे कांडे धरणाऱ्या डाव्या हातावर किंवा नडगीवर हवेत. विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर बारीक आडव्या रेघा असतात. भज्यांच्या गाडीवर उभ्या राहणाऱ्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या शिंतोड्यांचे ठिपके असतात. गळाभर दागिने घालणाऱ्या आजीच्या कानाची पाळी जड कुड्यांनी ओघळलेली किंवा फाटून पुन्हा शिवलेली असते, आणि तोही वणच आहे, जरी कोणी तो तसा मोजत नाही.

शस्त्राच्या वणाला दिशा असते. समोरासमोर उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या माणसाचा वार समोरच्याच्या डाव्या बाजूला बसतो. 19व्या शतकातल्या जर्मन विद्यार्थ्यांच्या तलवारबाजीत मिळालेले आणि अभिमानाने मिरवलेले वण बहुतांशी डाव्या गालावर दिसतात, ते यामुळेच. आपल्या पात्राच्या उजव्या गालावर तलवारीचा वण काढायचा असेल तर काढावा, पण मग त्याचा शत्रू डावखुरा होता किंवा वार मागून आला, हे निदान आपल्याला ठाऊक असावे.

6. माझा वण चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. कुठे चुकते?

बहुधा तीन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे वण एकसारख्या जाडीच्या, सलग रेघेने काढणे. खरा वण एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळता असतो, मध्येच तुटतो, आणि गालफडावरून खाली उतरताना चेहऱ्याच्या गोलाईबरोबर वळतो. पेन्सिलने आधी चेहऱ्यावर आडव्याउभ्या गोलाईच्या रेषा हलक्या हाताने काढून घेतल्या, तर वण कुठे वळला पाहिजे ते लगेच दिसते.

दुसरी चूक म्हणजे त्वचेचा ताण विसरणे. कार्ल लांगर या व्हिएन्नाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1861 मध्ये दाखवून दिले की त्वचेला ठरावीक दिशांनी ताण असतो. गोल टोकाने भोसकले तरी छिद्र त्या दिशेने लांबट होते. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कपाळावरच्या आठीच्या रेषेत पडलेला वण केसाएवढा बारीक राहतो आणि आठीला छेदून गेलेला वण रुंद होतो. म्हणून कपाळावरचा उभा वण आडव्यापेक्षा ठळक काढावा.

तिसरी चूक म्हणजे वणाला पोत न देणे. वणाच्या जागी केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी उरत नाहीत, त्यामुळे तेथे केस उगवत नाहीत आणि त्वचा गुळगुळीत होऊन उजेडात चमकते. माझ्या हनुवटीखाली लहानपणी ओट्याच्या कडेवर आपटून पडलेला वण आहे. एरवी तो मलाही दिसत नाही, पण चार दिवस दाढी केली नाही की तेथे तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी फट उमटते. भुवईतली फट, मिशीतला खंड, भांगाशी न जुळणारी टाळूवरची रेघ अशा जागा वापरल्या, तर वण काढावा लागत नाही. केस न काढले की तो दिसतो.

टाक्यांच्या आडव्या रेघांची शिडी मात्र जपून वापरावी. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच-सात दिवसांतच काढतात, म्हणून आजच्या काळातल्या, नीट उपचार झालेल्या पात्राच्या गालावर अशी शिडी सहसा राहत नाही. घाईत, जाड दोऱ्याने किंवा रणांगणावर शिवलेली जखम असेल, तर ती शोभते.

7. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर वण कोणत्या रंगाने काढावा? गुलाबी रंग खोटा वाटतो.

खोटा वाटतो, कारण तो गोऱ्या त्वचेच्या चित्रांतून उचललेला असतो. सावळ्या त्वचेवर भरत आलेली जखम आधी आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद, जांभळट किंवा तपकिरी दिसते आणि तो गडदपणा कित्येक महिने टिकू शकतो. पुढे तो वण कधी त्वचेच्या रंगात मिसळतो, तर कधी तिच्याहून फिका होतो. रंगपेटीतला तयार "त्वचेचा रंग" त्यासाठी उपयोगी नाही. पात्राच्या त्वचेच्या रंगातच बर्न्ट सिएना आणि किंचित अल्ट्रामरीन मिसळून गडद वण, तर यलो ऑकर मिसळून जुना फिका वण मिळतो.

सावळ्या त्वचेवर आणखी एक गोष्ट अधिक आढळते, ती म्हणजे केलॉइड. साधा उचललेला वण जखमेच्या हद्दीत राहतो, पण केलॉइड ती हद्द ओलांडून फुगत जातो. कानाची पाळी, छातीचा मध्य, खांदा आणि जबड्याची कड या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. तो रेघेने काढू नये. त्याला उंची असते, म्हणून वरच्या कडेला उजेड आणि खालच्या कडेला सावली द्यावी.

8. कथेत जखम पहिल्या भागात होते आणि शेवटचा भाग पाच वर्षांनंतरचा आहे. वण कसा बदलत न्यावा?

पहिल्या आठवड्यात सूज, खपली आणि कडेने लाली. पुढचे काही महिने उचललेला, लालसर किंवा गडद (प्रश्न 7) आणि ताणलेला वण. साधारण वर्ष ते दीड वर्षाने तो सपाट, मऊ आणि फिका होऊन स्थिरावतो. पाच वर्षांनंतर तो बदलत नाही, फक्त भोवतालचा चेहरा बदलतो. उन्हातान्हात काम करणाऱ्या पात्राच्या रापलेल्या चेहऱ्यावर जुना फिका वण उलट अधिक उठून दिसतो, कारण वणाची त्वचा तशी रापत नाही. नमुनापत्रकावर प्रत्येक टप्प्याचा एक छोटा चौकोन करून ठेवावा.

9. लहानपणी झालेला वण मोठेपणी कसा दिसतो?

शरीराबरोबर तोही ताणला जातो आणि कधी कधी जागेवरून किंचित सरकल्यासारखा वाटतो. पात्राचे बालपण आणि प्रौढपण दोन्ही काढायचे असेल, तर वणाची लांबी सेंटिमीटरमध्ये न ठरवता चेहऱ्याच्या प्रमाणात ठरवावी.

10. भुवईपासून गालापर्यंत, डोळ्यावरून जाणारा वण काढला तर डोळा शाबूत ठेवता येतो का?

येतो. डोळा खोबणीत आत बसलेला असतो आणि भुवईचे व गालाचे हाड त्याच्यापुढे आलेले असते, त्यामुळे सरळ पात्याचा वार या दोन उंचवट्यांना लागून मधला डोळा वाचू शकतो. हे दाखवायचे असेल, तर वण पापणीवरून सलग नेऊ नये. भुवईवर एक तुकडा, गालावर दुसरा आणि मध्ये मोकळी जागा ठेवावी. पापणी चिरली गेली असेल, तर तिच्या कडेला खाच येते आणि तेवढ्या जागेत पापणीचे केस नसतात.

डोळा गेला असेल, तर तो कसा गेला हेही ठरवावे. बुबुळावर फूल पडले असेल, तर डोळा उघडा पण दुधाळ दिसतो. डोळा काढावा लागला असेल, तर पापणी आत बसते. महाराजा रणजितसिंहांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या रोगाने गेला होता. काळी पट्टी सोपी पडते म्हणून सगळे तीच वापरतात. मला ती आळस वाटते.

11. भाजल्याचे वण कसे काढावेत?

रेघांनी नव्हे, पृष्ठभागाने. वरवर भाजलेले बहुधा मागमूस न ठेवता बरे होते. खोल भाजलेली त्वचा मात्र आकसते आणि आजूबाजूचे अवयव ओढून घेते. म्हणून आधी ओढ काढावी: मानेपासून हनुवटीकडे ताणलेले पट्टे, खाली खेचलेला ओठाचा कोपरा, न उघडणारी बोटे, कडा झिजल्यासारखा कान, नाहीशी झालेली भुवई. त्यानंतर पोत. शस्त्रक्रियेत जाळी पाडलेली त्वचा लावली असेल, तर तेथे बारीक चौकटींची नक्षी कायम राहते. काळ्या शाईत काम करणाऱ्यांनी तुटक, वळणदार रेषा ओढीच्या दिशेने टाकाव्यात आणि मधूनमधून कागद पूर्ण पांढरा सोडावा. या वणांविषयी प्रश्न 16 वाचल्याशिवाय काम सुरू करू नये, अशी विनंती आहे.

12. माझी कथा जुन्या काळातली आहे. त्या काळाचे असे काही खास वण असतात का?

असतात, आणि चित्रकार ते हमखास विसरतात. देवीच्या रोगाचे खोलगट वण पूर्वी इतके सर्रास होते की 18व्या किंवा 19व्या शतकातल्या बाजाराच्या चित्रात एकही चेहरा तसा नसेल, तर चित्र खोटे वाटते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. त्यानंतर जन्मलेल्या पात्राच्या तोंडावर देवीचे वण असू शकत नाहीत, कांजिण्यांचे एखाददुसरे असू शकतात. "देवी काढल्याचे" म्हणजे लस टोचल्याचे मोठे, गोल, खडबडीत वण आज आजी-आजोबांच्याच हातावर सापडतात. नंतरच्या पिढ्यांच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीची छोटी गोल खूण असते. बिनबाह्यांचा पोशाख घातलेल्या आजच्या नायिकेच्या दंडावर एवढा एक ठिपका दिला, तर ती लगेच आपल्यातली वाटू लागते.

13. वण चेहऱ्यावरच हवा का?

मुळीच नाही, आणि जो वण लपवावा लागतो तो कथेला अधिक उपयोगी पडतो. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहायचे ठरल्यावर अर्जुनाला अडचण होती ती धनुष्याच्या दोरीने दोन्ही हातांवर पडलेल्या घट्ट्यांची. ते त्याने बांगड्यांखाली झाकले. बृहन्नडेचे चित्र काढताना त्या बांगड्या नुसता शृंगार म्हणून मनगटावर नाजूक काढल्या, तर प्रसंगच हातचा गेला. त्या हातावर वर चढलेल्या आणि दाटीने भरलेल्या हव्यात.

काही जखमा त्वचेवर दिसत नाहीत, चालण्यात दिसतात. पानिपतावर 1761 मध्ये पायाला झालेल्या जखमेमुळे महादजी शिंदे जन्मभर लंगडत राहिले. त्यांच्यासारखे पात्र उभे काढताना वजन एका पायावर टाकावे, त्या बाजूचे कटीचे हाड वर घ्यावे आणि खांदा उलट्या बाजूला झुकवावा.

14. अश्वत्थाम्याच्या कपाळावर काय काढावे, वण की जखम?

जखम, कारण ती भरतच नाही हाच त्याचा शाप आहे. मणी काढून घेतल्यावर भळभळत राहिलेल्या त्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागत फिरतो, असे नर्मदेच्या आणि सातपुड्याच्या परिसरात सांगतात, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीत त्याच्या नावाची यात्रा भरते. त्यामुळे प्रश्न 8 मधला एकही टप्पा येथे लागू होत नाही. कडा जुन्या, जाड, पांढरट आणि मध्य ओला, असा विसंगत मेळ काढावा. भोवती तेलाची चकाकी आणि तेलाने चिकटलेले केस दाखवावेत. रक्ताची धार काढण्याचा मोह आवरावा. तेलाचा ओघळ भुवईपर्यंत आला तरी पुरे.

15. जादूने किंवा वरदानाने बरे होणाऱ्या पात्राला वण असावेत का?

हा नियम लेखकाने आधी ठरवायचा आणि चित्रकाराने पाळायचा असतो. वरदान मिळण्यापूर्वीचे वण राहतात आणि नंतरचे राहत नाहीत, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण मग शरीरावरच त्या पात्राचे दोन काळ वाचता येतात.

16. खलनायकाला चेहऱ्यावर वण दिला तर काय बिघडते? सगळेच देतात.

बिघडते ते वणाने नव्हे, तर वण हेच दुष्टपणाचे एकमेव चिन्ह म्हणून वापरल्याने. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2018 मध्ये असे जाहीर केले की खलनायकाचा दुष्टपणा चेहऱ्यावरच्या वणांतून दाखवणाऱ्या चित्रपटांना ती निधी देणार नाही. चित्रकथेवर असे बंधन कोणी घातलेले नाही, पण एक परीक्षा घेऊन पाहावी: वण पुसला, तर पात्र दुष्ट वाटते का? वाटत नसेल, तर भुवया, खांदे, हातांची ठेवण यांवर पुन्हा काम करावे. त्याच गोष्टीत शिक्षिका, रिक्षाचालक किंवा नायकाची बहीण यांपैकी कोणाच्या तरी चेहऱ्यावरही वण असू द्यावा, आणि त्यावर संवादात कोणीही काही बोलू नये.

भाजलेल्या किंवा ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची छायाचित्रे समोर ठेवून त्यांचा चेहरा जसाच्या तसा काल्पनिक पात्राला देणे मात्र सर्वस्वी अयोग्य आहे. वैद्यकीय पुस्तकांवरून वणाची रचना शिकावी आणि चेहरा स्वतःचा घडवावा. स्वतःला केलेल्या इजेचे वण कथेत आवश्यकच असतील, तर ते दुरून, बाहीच्या कडेला अर्धवट दिसतील असे काढावेत, तपशिलात शिरू नये.

17. महाभारतातली पात्रे काढायला कोणाची परवानगी लागते का?

पात्रांसाठी लागत नाही. परंतु एखाद्या चित्रकाराने घडवलेले त्याचे विशिष्ट रूप ही त्याची निर्मिती असते आणि भारतीय कायद्यानुसार तिचे हक्क साधारणपणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतात. सरावासाठी नक्कल करावी, विकू नये.

18. पहिल्या भागात वण डाव्या गालावर छापून गेला आणि दुसऱ्यात उजव्या. आता कोणता खरा?

जो आधी छापला तो. दुसऱ्या भागाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी आणि तोवर कथेतून सारवासारव करू नये. मी ती एकदा करून पाहिली आहे. एका दरोडेखोराचा वण असाच बाजू बदलून गेल्यावर त्याला जुळा भाऊ असल्याचे तिसऱ्या भागात सुचवले, आणि आठवीतल्या एका मुलीचे पत्र आले, की जुळा भाऊ असेल तर त्याच्याही पागोट्याला तेच ठिगळ कसे?